झाशीची पोथीशाळा आणि आजचे डिजिटल ग्रंथालय

(हीरक महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा झाली आणि तीत झाशीची राणी आली नाही, असे साठ वर्षांत क्वचितच घडले असेल. चंदेरी कागदाने मढवलेली पुठ्ठ्याची तलवार, पाठीशी दुपट्ट्यात बांधलेली बाहुली, खोचून खोचून आखूड केलेली आईची नऊवारी, आणि ध्वनिवर्धकासमोर येताच नेमके विसरलेले ते एकच वाक्य. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जणींनी ती तलवार हाती धरली असेल. काहींच्या मुलींनीही धरली असेल. त्या सगळ्या बालराण्यांपैकी एकीच्याही हाती कधी कोणी पोथी दिली नाही. त्यात मुलींचा दोष नाही आणि त्यांना सजवणाऱ्या आयांचाही नाही. झाशी म्हटले की किल्ला, घोडा आणि तलवार एवढेच चित्र मराठी मनात उमटते. त्याच झाशीच्या राजवाड्यात एक नामांकित ग्रंथसंग्रह होता आणि तो १८५८ च्या एप्रिल महिन्यात नष्ट झाला, ही गोष्ट त्या चित्रात कोठेच बसत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय विद्यापीठांची डिजिटल ग्रंथालये हा आहे. त्याची सुरुवात झाशीच्या पोथ्यांपासून का करावी, हे पुढे आपोआप स्पष्ट होईल.

या ग्रंथसंग्रहाची हकीकत मराठी वाचकांना ज्यांच्यामुळे कळते ते विष्णुभट गोडसे हे रायगड जिल्ह्यातील वरसई गावचे भिक्षुक ब्राह्मण. घरात कर्ज झालेले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे दक्षिणा चांगली मिळेल अशी वार्ता आल्यावरून ते १८५७ मध्ये चुलत्यांबरोबर उत्तरेस निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा गोडसे भटजी शहरातच होते. ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रजी फौज तटावरून आत शिरली; त्यानंतरची कत्तल, लूट आणि जाळपोळ त्यांनी लपतछपत पाहिली. मिळवलेले द्रव्य गेले. आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगोदकाची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून घरी आणली. पुढे अनेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी हे सारे मोडी लिपीत लिहून काढले. वैद्यांनी ते १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केले.

या पुस्तकात लढाईइतकेच महत्त्वाचे काही असेल तर ते भटजींच्या नजरेला पडलेले झाशीचे रोजचे जीवन: देवळे, बाजार, राणीची दिनचर्या, दानधर्म आणि ग्रंथ. नेवाळकर घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या या संग्रहात वेद, त्यांवरील भाष्ये, सूत्रे, धर्मशास्त्र, पुराणे, ज्योतिष, वैद्यक असे सर्व काही होते. काशीसारख्या विद्येच्या पीठातील पंडितांनाही एखादा ग्रंथ हवा असला तर ते झाशीहून तो उतरवून नेत, असे भटजी अभिमानाने सांगतात. स्वतः वैदिक असल्यामुळे एखाद्या पोथीची किंमत त्यांना ठाऊक होती. म्हणूनच शहराच्या लुटीचे वर्णन करताना या संग्रहाच्या नाशाची वेगळी नोंद करण्यास ते विसरले नाहीत. धान्य, भांडी, दागिने यांची लूट कोणीही लिहिली असती. पोथ्यांचा शोक करायला पोथी वाचणाराच साक्षीदार लागला.

झाशीचा हा ग्रंथसंग्रह म्हणजे केवळ सोवळ्यातल्या संस्कृत पोथ्या, असा समज होऊ नये म्हणून आणखी एका साक्षीदाराचे नाव घेणे योग्य होईल. विल्यम हंटर नावाचा एक स्कॉटिश शल्यवैद्य १७९२-९३ मध्ये मेजर पामरच्या तांड्याबरोबर आग्र्याहून उज्जैनला गेला. त्याचा प्रवासवृत्तान्त कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापला आहे. वाटेत त्याची गाठ झाशीचे सुभेदार रघुनाथ हरी नेवाळकर यांच्याशी पडली. उतारवयात हा मराठी सरदार इंग्रजी भाषा शिकू लागला होता, त्याने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची दुसरी आवृत्ती मिळवली होती, आणि तीतील आकृत्या पाहून पदरच्या कारागिराकडून विजेच्या प्रयोगांचे यंत्रही बनवून घेतले होते. ब्रिटानिकाची ही आवृत्ती एडिंबरोत १७७७ ते १७८४ या काळात निघाली. म्हणजे छापून पुरी झाल्यावर दहा वर्षांच्या आतच ती बुंदेलखंडातील एका मराठी घरात वाचली जात होती. मराठीत छापील पुस्तके रुळण्यास तेव्हा बराच अवकाश होता. हंटरला या गृहस्थाचे आश्चर्य वाटले. आजच्या मराठी वाचकाला त्याहून जास्त वाटावे, कारण नेवाळकरांच्या घराण्यात असे कोणी होऊन गेले हे त्याला एका स्कॉटिश डॉक्टरकडून कळते.

आता पोथी ‘उतरवून नेणे’ म्हणजे काय, याकडे वळू. छापखाना घरोघर पोहोचण्यापूर्वी ग्रंथ मागणे याचा अर्थ त्याची नक्कल मागणे असा होता. मागणाऱ्याने आपला लेखनिक पाठवावा. त्याने बोरू, शाई आणि घोटलेला कागद घेऊन महिनोन्‌महिने बसावे. मूळ पोथी पुन्हा बासनात बांधून फळीवर जावी आणि नवी प्रत काशीला किंवा पैठणला रवाना व्हावी. लेखनिकाचा मेहनताना अक्षरांवर ठरे. बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ असे माप धरून गद्य असो वा पद्य, सगळ्याची मोजणी होई. संगणकावर मजकुराचा आकार बाइटमध्ये मोजणाऱ्या आजच्या मुलांना हे माप फारसे परके वाटणार नाही. पोथी संपली की लेखनिक शेवटी पुष्पिका लिही: शक, तिथी, गाव, स्वतःचे नाव, कोणासाठी लिहिली त्याचे नाव, आणि जाता जाता वाचणाऱ्याला विनवणी, की ही पोथी तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपावी. चार ओळींची ही पुष्पिका नसती तर आज हाती आलेल्या हजारो पोथ्या कोणत्या काळातल्या, कोणत्या गावच्या, हे सांगता आले नसते.

ग्रंथ दिल्याने कमी होत नाही, उलट देणाऱ्याच्याच घरी तो अधिक सुरक्षित होतो, हे या पद्धतीचे मर्म. झाशीच्या राजवाड्यातील ज्या पोथीची नक्कल कोणी कधी बाहेर नेली असेल, ती पोथी राजवाडा जळाल्यावरही कोठे तरी वाचली जाऊ शकत होती. जिची नक्कल झाली नाही ती गेली. कोणत्या गेल्या याची यादीही उरली नाही.

येथे दुसऱ्या एका मराठी घराण्याची आठवण होणे साहजिक आहे. तंजावरच्या भोसल्यांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही उभे आहे. सरफोजीराजे, ज्यांनी १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर बसून राज्यापेक्षा ग्रंथांचाच कारभार अधिक केला, त्यांनी दूरदूरच्या पोथ्यांच्या नकला करवून आणल्या आणि युरोपातून छापील पुस्तकेही मागवली. झाशी १८५४ मध्ये खालसा झाली, तंजावर १८५५ मध्ये. कारणही एकच, औरस पुत्र नाही. तंजावरात लढाई झाली नाही, म्हणून संग्रह टिकला आणि १९१८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. तेथे तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आणि मोडी दफ्तरांचे शेकडो रुमाल आहेत. दोन्ही घराण्यांची ग्रंथांची आवड सारखीच होती. एका गावावर तोफा डागल्या गेल्या, दुसऱ्यावर नाही, एवढाच फरक.

आज झाशीत बुंदेलखंड विद्यापीठ आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात उत्तर प्रदेशातील बुंदेलखंडाच्या लहानमोठ्या गावांतून मुले-मुली येतात. अशा कोणत्याही विद्यापीठाचे डिजिटल ग्रंथालय म्हणजे नेमके काय, याची कल्पना पालकांमध्ये बहुधा धूसर असते. वातानुकूलित खोली, रांगेने मांडलेले संगणक आणि फीत कापतानाचे छायाचित्र, एवढ्यावर ते संपत नाही. किंबहुना खोलीची त्याला फारशी गरजच नसते.

त्याचा एक भाग विकत घेतलेला असतो. शास्त्रीय नियतकालिकांची वर्गणी इतकी प्रचंड असते की काही मोजकीच नियतकालिके घेतली तरी लहान महाविद्यालयाच्या ग्रंथखरेदीचा पैसा संपावा. त्यामुळे दिल्ली-मुंबईच्या संस्थांतील संशोधक जे वाचे ते झाशीतल्या किंवा गडचिरोलीतल्या संशोधकाला नावापुरतेच ठाऊक असे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था आणि त्यांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र हे सारे सांभाळते. खासगी संस्थांतील विद्यार्थी अजून बाहेर आहेत ही त्यातील उणीव. तरी पाऊल मोठे आहे यात शंका नाही.

दुसरा भाग विद्यापीठातच तयार होतो. पूर्वी पीएच.डी.च्या प्रबंधाची एक प्रत विद्यापीठाच्या कपाटात, एक मार्गदर्शकाकडे आणि एक घरी, सत्यनारायणाच्या पोथीशेजारी, असा क्रम ठरलेला होता. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधांच्या डिजिटल प्रती एकत्र जमा होऊ लागल्या आणि त्यातून ‘शोधगंगा’ हे भांडार उभे राहिले. आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते कोणालाही, अगदी विद्यार्थी नसलेल्या माणसालाही, विनामूल्य वाचता येतात. बुंदेलखंड विद्यापीठाचे प्रबंधही तेथे आहेत. सर्वच प्रबंध वाचनीय असतात असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण उघड्यावर ठेवलेला वाईट प्रबंध निदान वाईट आहे हे कळते, आणि कपाटातला चांगला प्रबंध चांगला आहे हे कळतच नाही.

या दोन भागांसाठी पैसा आणि नियम पुरे पडतात. तिसरा भाग मात्र तसा नाही. तो म्हणजे त्या त्या प्रदेशाचे स्वतःचे ग्रंथ आणि कागदपत्र. केंब्रिजचे नियतकालिक झाशीत वाचता येणे ही मोठी सोय आहे; परंतु झाशीत असे काय आहे जे केंब्रिजला, पुण्याला किंवा इंदूरला झाशीशिवाय दुसरीकडून मिळणार नाही? तेथील विद्यापीठ इतरांना काय देणार, हा प्रश्न या तिसऱ्या भागाशी येऊन ठेपतो. आणि येथे मराठी माणसाचा संबंध येतो.

अठराव्या शतकात सागर, काल्पी, जालौन, झाशी, बांदा या पट्ट्यात मराठ्यांचा अंमल पसरला आणि त्याबरोबर कारकून, पुराणिक, वैद्य, सावकार अशी शेकडो कुटुंबे तेथे जाऊन राहिली. त्यांचे हिशेब, सनदा, पत्रे मोडीत होती. झाशीत आजही मराठी कुटुंबे आहेत. ज्या गणेशमंदिरात लक्ष्मीबाई आणि गंगाधररावांचा विवाह झाला असे सांगतात, तेथे आजही गणेशोत्सव होतो. अशा घरांतल्या एखाद्या पत्र्याच्या पेटीत पिवळ्या पडलेल्या मोडी कागदांचे बासन निघणे ही नवलाची गोष्ट नाही. घरातील नातवंडे हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकलेली असतात. कागदावर काय आहे हे आजोबांनाही पुरते सांगता येत नाही. दसऱ्याला हळदकुंकू वाहून बासन परत पेटीत जाते.

हे कागद पुढे न येण्याची कारणे समजून घेतली पाहिजेत. लोकांचे अज्ञान हे सोपे उत्तर झाले. इतिहासाच्या नावाखाली दफ्तर नेलेले पाहुणे परत आले नाहीत, असे अनुभव महाराष्ट्रातही थोडे नाहीत. कागदात जमिनीचा एखादा जुना वाद निघेल ही धास्तीही खरी असते. या बाबतीत डिजिटल ग्रंथालय पूर्वीच्या कोणत्याही संग्रहालयापेक्षा सोईचे आहे, कारण कागद घर सोडत नाही. माणूस कॅमेरा घेऊन येतो, ओसरीवर बसून पानापानाचे छायाचित्र घेतो, आणि पेटी होती तेथेच राहते. जुना लेखनिक राजवाड्यात बसून नक्कल उतरवी, तीच ही रीत. महिन्यांचे काम दिवसांवर आले.

पण छायाचित्र निघाले म्हणजे ग्रंथालय झाले, ही समजूत चुकीची आहे, आणि आपल्या देशाने त्याची किंमत मोजली आहे. या शतकाच्या सुरुवातीस बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प चालला. देशभर केंद्रे उघडून लाखो जुनी पुस्तके स्कॅन झाली. मराठीतील असंख्य दुर्मीळ पुस्तके त्यामुळे प्रथमच घरबसल्या दिसू लागली. या उपकाराचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र पुस्तकांची नावे रोमन लिपीत, वाटेल त्या वर्णलेखनाने टिपली गेली. कोठे लेखकाच्या जागी प्रकाशक, कोठे वर्षच नाही, कोठे मधली पाने गळालेली. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. त्यातील पुस्तके आजही वाचता येतात, ती त्यांच्या प्रती ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या परदेशी भांडारात आधीच उतरवून ठेवल्या गेल्या म्हणून. दीडशे वर्षांनंतरही नियम बदलला नाही. ज्याची नक्कल दुसरीकडे होती ते वाचले.

नोंदीचे महत्त्व एका शब्दावरून लक्षात येईल. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकातील पहिला शब्द ‘झांशी’ असा, अनुस्वारासह आहे. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. तेव्हापासून शाळेत ‘झाशी’ शिकवले जाते. हिंदीत ‘झाँसी’ आणि ‘झांसी’ अशी दोन्ही रूपे चालतात. इंग्रजीत आणखी वेगळे. माणसाला हे पाचही शब्द एकाच गावाचे आहेत हे क्षणात कळते. संगणकाला कळत नाही. त्याच्या लेखी ती पाच वेगळी नावे आहेत. या शाळेत शिकलेल्या एखाद्या मुलीने शुद्धलेखनाचे सर्व नियम पाळून ‘झाशी’ हा शब्द शोधला, तर पारसनिसांचे पुस्तक तिला दिसणारच नाही. शुद्ध लिहिल्याबद्दल पूर्ण गुण आणि हाती पुस्तक नाही, असा हा प्रकार. पाच रूपे एकमेकांशी जोडून देणारा कोणी जाणकार मध्ये बसलेला असेल तरच ते तिच्यापर्यंत येईल.

खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने उभारलेले आणि १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हेच जोडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर करते. पुष्कळशी पुस्तके ते स्वतःजवळ ठेवीत नाही. कोणत्या संस्थेत काय आहे याची नोंद एकाच खिडकीतून दाखवते. शाळकरी मुलालाही तेथे विनाशुल्क नाव नोंदवता येते. पण खिडकीतून दिसते ते मूळ संस्थेने जशी नोंद केली असेल तसेच. मूळ नोंद आंधळी असेल तर खिडकी काय करणार?

मोडीचा प्रश्न याहून बिकट आहे. देवनागरी छापील पान आता संगणक बऱ्यापैकी वाचतो. मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. ती लढाई काही थोड्या अभ्यासकांनी चिकाटीने जिंकली. तथापि स्थान मिळाले म्हणजे यंत्राला मोडी वाचता येऊ लागली असे नव्हे. मोडीत शब्द तोडण्याची रीत नाही, लेखणी उचलायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही, आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. तेथे अजून माणसाचेच डोळे लागतात. असे डोळे पुण्यात आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात आणि त्यांत निवृत्त बँक कर्मचाऱ्यांपासून महाविद्यालयीन मुलींपर्यंत सगळे बसतात. कागद झाशीत, वाचणारे पुण्यात. झाशीच्या विद्यार्थ्याला बुंदेलखंडाचा भूगोल, तिथली घराणी आणि बोली ठाऊक. कागदातले गाव कोणते हे तो ओळखेल. पुण्याच्या वाचकाला अक्षर लागेल, गाव लागणार नाही. दोघांनी एकाच पानाचे चित्र आपापल्या पडद्यावर उघडून, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने ओळखावे, यासाठी कोणाला तिकीट काढावे लागत नाही. विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत ‘सहअध्ययन’ हा शब्द फार छापला जातो. त्याला असा एखादा कागद मिळाला तरच त्यात जीव येईल.

ही देवाणघेवाण मराठी आणि हिंदीला नवी नाही. गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ अमृतलाल नागर यांनी ‘आँखों देखा ग़दर’ या नावाने हिंदीत नेले, आणि झाशीच्या लोकांना आपल्याच शहराची कहाणी एका कोकणी भिक्षुकाच्या तोंडून ऐकायला मिळाली. दुसरीकडे, वैद्यांनी १९०७ च्या आवृत्तीत भटजींच्या मजकुरावर संपादकीय कात्री आणि लेखणी दोन्ही चालवली होती, हे मराठी वाचकांना नीटपणे कळले ते दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून शुद्ध प्रत छापली तेव्हा. मूळ मोडी बाड जपून ठेवले होते, म्हणूनच हे शक्य झाले. आज भ्रमणध्वनीवर ‘माझा प्रवास’ वाचायला घेणाऱ्याने आपण कोणती आवृत्ती वाचतो आहोत हे पहिल्या पानावर पाहावे. ती नोंद तेथे नसेल, तर भटजींच्या तोंडी वैद्यांचे वाक्य घातल्याचे पातक नकळत घडते.

आता झाशीहून शाळेत परत येऊ.

शाळेच्या ग्रंथालयात खिडकीलगतच्या काचेच्या कपाटात हस्तलिखित वार्षिकांचे अंक आहेत. ज्यांनी ते लिहिले त्यांना वेगळे सांगायला नको: आखलेले जाड कागद, सुवाच्य अक्षर असणाऱ्या दोघातिघांवर पडलेला सगळा भार, जलरंगातले मुखपृष्ठ, ओल्या शाईवर उमटलेला कोणाचा तरी अंगठा. प्रत्येक अंकाची प्रत एकच. त्या कपाटाला वाळवी लागली, भिंतीत ओल आली किंवा वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली, तर त्या अंकांचे काय होईल, हे झाशीच्या संदर्भात सांगून झाले आहे. महोत्सवानिमित्त या सर्व अंकांची छायाचित्रे घेऊन त्यांच्या प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याचे काम सुरू झाले आहे.

अडचण पुष्पिकेची आहे. काही अंकांवर वर्ष घातलेले नाही. चित्रांखाली नुसती आद्याक्षरे आहेत. ‘इयत्ता नववी, ब तुकडी’ असे लिहिले आहे, पण कोणत्या सालची नववी ब, हे शाळेच्या कोणत्याही दफ्तरात सापडत नाही. एका अंकात पावसाळी सहलीवर लेख आहे, त्यात बस नदीपाशी अडकल्याचे वर्णन आहे, आणि लेखकाचे नाव असलेला कोपरा फाटलेला आहे. हे सांगू शकणारी माणसे फक्त या सभागृहात आहेत, आणि ती सगळी साठ वर्षांनी एकत्र आली आहेत.

म्हणून महोत्सवाचे तिन्ही दिवस हे अंक ग्रंथालयातील लांब मेजांवर मांडलेले असतील. प्रत्येक अंकाशेजारी एक वही आणि पेन्सिल ठेवली आहे. जे आठवेल ते, खात्री नसेल तर तसे नमूद करून, वहीत लिहावे. अंकावर काही लिहू नये. अल्पोपाहाराची सोय पटांगणात आहे, तेव्हा बटाटेवडे तेथेच संपवून, हात धुऊन आणि नीट पुसून ग्रंथालयात यावे. पाने बोटाला थुंकी लावून उलटू नयेत, ही विनंती विशेषतः पहिल्या काही तुकड्यांच्या विद्यार्थ्यांना आहे. त्यांना ती सवय शाळेतच लागली होती आणि त्या वेळीही त्यांना ती सोडायला सांगितले होते.